नियमाची बाई

हाँगकाँग, १७ सप्टेंबर २०१७

लिझेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, एवढं माझ्यासाठी पुष्कळ आहे. फोनवर तू माझा नंबर बंद करून टाकलास त्याला वर्ष होत आलं. म्हणून हा कागद.

तुझ्या तातायना, माझ्या नवऱ्याला, जाऊन गुरुवारी वर्ष झालं. पुरिंग आत्याने सगळं सांगितलं. चर्चमध्ये मिस्साला किती माणसं होती, तू वर्षभराचे सुतकाचे काळे कपडे कसे उतरवलेस, जेवणात कोंबडी कमी पडली तेव्हा तिने पाद्रीबाबांच्याच ताटात मानेचा तुकडा कसा वाढला. ऐकून मला हसू आलं. मग मी वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन थोडा वेळ उभी राहिले. मला यायचं होतं. मॅडमने सुट्टी दिली नाही.

तू आईला शेवटचं बोललीस ते विसरले नाही. "नानाय, तुझ्या त्या हिशेबात माणूस कुठल्या रकान्यात लिहितात?" बोलता येतं तुला, ते बापाकडून आलंय. पण उत्तर ऐकायला तू थांबली नाहीस. आज ऐक.

दर रविवारी आम्ही घरकामाला आलेल्या बायका पुलाखाली पुठ्ठे अंथरून बसतो, तिथे मी नऊ वर्षं पैशाचे धडे देते. चाळीसेक बायका असतात. मला एडिथा टीचर म्हणतात. हायस्कूलच्या पुढे न गेलेल्या बाईला टीचर म्हणतात. मी त्यांना सांगते, पगार हातात आला की आधी तीन वाटे करा. एक घरी. एक स्वतःच्या म्हातारपणाला. एक अडीनडीला. अडीनडीचा वाटा संपला की संपला. त्यापुढे कर्ज काढून पाठवायचं नाही, घरून कितीही रडारड झाली तरी. आम्ही बुडालो तर घरच्यांना वर काढायला कोणी उरत नाही. आमच्यात सोलेदाद म्हणून एक होती, त्रेसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे संडास घासून सगळंच्या सगळं घरी पाठवलं. परत जायला निघाली तर भाच्याने विचारलं, "तिया, पण तुम्ही झोपणार कुठे?" घर तिच्याच पैशांचं.

तातायच्या दुखण्याला मी तुला चाळीस हजार पेसो पाठवले. अडीनडीचं होतं ते सगळं. अडीच लाखांतले बाकीचे नियमात बसत नव्हते. तू तीन वेळा फोन केलास, तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. मी दगड नाही, लिझेल. पण चाळीस बायकांना जे शिकवते ते स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी मोडलं असतं, तर रविवारी कोणत्या तोंडाने उभी राहिले असते?

तुझ्या मिकासाठी सोबतच्या खोक्यात बूट घातलेत. मॅडमच्या मुलीचे आहेत, पण एकदाही वापरलेले नाहीत.

नानाय


हाँगकाँग, १२ नोव्हेंबर २०१७

लिझेल,

बूट तू शेजारच्या मुलीला देऊन टाकलेस. आत्या म्हणाली, "मिकाला लहान होत होते." आत्याला खोटं बोलता येत नाही, बोलण्याआधी खोकला येतो तिला.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल तिने फोनवर सांगितलं, "एडिथा, तुझी पोरगी इलोइलोला जाऊन आली. एजन्सीत. पासपोर्टचे फोटो काढलेत, चेहरा असा केलाय की विमानात घ्यायचं सोडून कोठडीत टाकतील."

"कुठे चाललीय?"

"रियाध म्हणते. कुणा म्हाताऱ्या बाईची सेवा."

"आणि मिका?"

"मिका माझ्याकडे. मी काय, एकाहत्तर वर्षांची तरुणी. सांगशील तर नारळावरसुद्धा चढेन."

हे म्हणताना तिला दोनदा दम लागला.

जाऊ नकोस, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? तू सहा वर्षांची होतीस तेव्हा मी गेले. पण तुला नोकरी आहे. परदेशातून आलेले पैसे लोकांना मोजून द्यायची ती काचेमागची खुर्ची लहान असेल, पण पंख्याखाली आहे. जायचंच असेल तर एवढं बघ. एजन्सी म्हणेल, आत्ता काही देऊ नका, पगारातून कापून घेऊ. ते कर्जच असतं, फक्त कर्ज म्हणत नाहीत. करार तुला कळेल अशा भाषेत माग, आणि त्याची एक प्रत आत्याकडे ठेव. पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नकोस. खातं तुझ्या एकटीच्या नावावर उघड, आणि कितीही थोडं असलं तरी पहिल्या पगारापासून त्यात टाक. चाळीस बायका हे ऐकायला उन्हातान्हात बसतात, तू नुसता फोन केलास तरी मिळेल.

आणखी एक. माझ्या वर्गातल्या बेनिल्डाची बहीण पांदानला राहते, पैसे घ्यायला तुमच्या खिडकीवर येत असेल. माझ्याबद्दल कधी काही बोलली का? सहज विचारते.

नानाय


हाँगकाँग, ७ जानेवारी २०१८

लिझेल,

मागच्या पत्रातलं 'सहज' खरं नव्हतं.

गेल्या रविवारी वर्गात एका नव्या मुलीने हात वर केला. जेसाबेल नाव, बावीस वर्षांची, गाल अजून गावचेच. म्हणाली, "टीचर, घरचं माणूस मरायला टेकलं असेल तर नियम काय?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तुझे ताताय कसे गेले ते त्यांना माहीत आहे. त्यांच्या लेखी मी म्हणजे नवरा गेला तरी नियम न मोडणारी बाई. एकीने जेसाबेलला कोपराने ढोसलं, "गप गं, विचारतात का असं." मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. आज तो रविवार आहे. मी वर्गाला गेले नाही. बोटीच्या धक्क्यावर बसून तुला लिहिते आहे.

पैसे नव्हते, लिझेल.

नियम वगैरे काही नव्हतं. माझ्याजवळ पैसेच नव्हते.

२०१५ च्या मार्चमध्ये दोराय मला एका हॉटेलच्या हॉलमध्ये घेऊन गेली. दोराय माझ्याबरोबर वर्गात शिकवायची. तिथे दावाओचा एक माणूस आला होता, बोलायला गोड, बुटांना पॉलिश. खोबरेल तेलाची गिरणी काढतोय म्हणाला. पडद्यावर गिरणी दाखवली, नारळांचे ढीग दाखवले. पैसे गुंतवा, दर महिन्याला शंभराला सात. मी दर रविवारी बायकांना सांगते, शंभराला दोन देतो म्हणणाऱ्यालाही दहा प्रश्न विचारा. मी एकही विचारला नाही. का, ते सांगते. मला घरी यायचं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले होते, जिना उतरताना गुडघे वाजायचे. मिका जन्मली होती आणि मी तिला फोनच्या काचेत बघत होते. माझ्या हिशेबाने घरी यायला अजून अकरा वर्षं लागणार होती. तो माणूस म्हणाला, तीन.

पाच महिने पैसे आले. मग आज देतो, उद्या देतो. २०१६ च्या जुलैत त्याचा फोन लागेनासा झाला आणि दोराय नोकरी सोडून गावी निघून गेली. तीही बुडाली होती की त्यांच्यातलीच होती, मला आजतागायत कळलेलं नाही. माझे सात लाख दहा हजार गेले. सोळा वर्षांचे.

ऑगस्टच्या शेवटी तुझा फोन आला तेव्हा माझ्या खात्यात हाँगकाँगचे नऊशे डॉलर होते. तुला पाठवलेले चाळीस हजार मी सावकाराकडून आणले, पासपोर्ट त्याच्याकडे गहाण ठेवून. म्हणून मी मातीला आले नाही. मॅडमने सुट्टी दिली होती, तिकीट काढून देते असंही म्हणाली होती. मी तिला म्हटलं, आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. तिने विश्वास ठेवला. सप्टेंबरमधल्या वर्षालाही हेच. पासपोर्ट अजून त्याच्याकडेच आहे.

खरं का सांगितलं नाही, हे मी स्वतःला रोज विचारते. तू म्हणालीस, "नानाय, डॉक्टर पाय काढायचा म्हणतात, अडीच लाख लागतील," आणि 'नाहीत' म्हणायला मी तोंड उघडलं. बाहेर 'नियम' आला. एकदा बोलून गेले, मग दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तू मला निष्ठुर म्हटलंस. ते मला सोसलं. तू मला मूर्ख म्हणावंस, हे सोसवलं नसतं.

नानाय


हाँगकाँग, ४ फेब्रुवारी २०१८

लिझेल,

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी आज वर्गात सगळं सांगितलं. आधी जेसाबेलला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, मी कधी ते खरोखर दिलंच नाही. मग गिरणीचं सांगितलं.

बेनिल्डा मागे बसली होती. तिलाही मीच त्या हॉलमध्ये नेलं होतं, तिला आणि आणखी दोघींना. तिचे तीन लाख गेले. गावातलं घर अर्धं बांधून राहिलंय, त्यात आता शेजाऱ्यांची डुकरं बसतात. दीड वर्ष ती माझ्याशी बोलत नव्हती, तरी वर्गाला यायची. मला वाटायचं, माझ्यावर नजर ठेवायला येते.

ती उठून पुढे आली. म्हणाली, "म्हणजे तुझेही गेले?"

"सगळे."

"आम्हाला वाटलं, तू आपले आधीच काढून घेतलेस. टीचर ना तू. तुला कळलं असणार." आणि ती हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. मग हसता हसताच म्हणाली, "एडिथा, एक सांग. आम्हाला नेलंस त्याचं तुला काही मिळालं?"

इथपर्यंत मी तुलाही सांगितलेलं नाही. मिळालं होतं. माणशी पाचशे डॉलर, तिघींचे दीड हजार. तो माणूस म्हणाला होता, टीचरचा मान म्हणून. मी वर्गासमोर हो म्हटलं. बेनिल्डाचं हसू थांबलं. "कशात घातलेस?" म्हणाली.

मिकाच्या बाप्तिस्म्यात घातले, लिझेल. अख्खं डुक्कर भाजलं, तुझ्या तातायनी फोन वर धरून मला त्याची खरपूस पाठ दाखवली, सगळं गाव जेवलं, ते तेच पैसे. तू तेव्हा म्हणाली होतीस, "नानाय, एवढा खर्च?" मी म्हटलं होतं, माझ्या नातीचं आहे, होऊ दे.

बेनिल्डा पुढे एकच वाक्य बोलली. "मग मलाही बोलवायचं होतंस जेवायला." आणि चपला घालून निघून गेली. अर्ध्या बायका तिच्यामागे गेल्या. ज्या राहिल्या त्यांनी सवयीने वह्या उघडल्या.

नानाय


कुलासी, २६ फेब्रुवारी २०१८

नानाय,

चारही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं, नंतर चिकटवलं. तिसरं आत्याला वाचून दाखवलं, ती म्हणते तिला चष्मा लागत नाही, दिसत तर काही नाही. तिने ऐकलं, आणि उठून भाताखालचा जाळ उगाचच मोठा केला.

पैसे नव्हते हे मला माहीत होतं. तातायच्या नवव्या दिवसापासून.

प्रार्थनेला बेनिल्डाबाईंची बहीण आली होती. जेवली, आणि मग भांडी घासताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुझ्या आईपायी माझ्या बहिणीचं घर गेलं. मी ऑगस्टच्या सुरुवातीलाच येऊन हे तुझ्या वडिलांना सांगितलं होतं. शिव्या दिल्या मी त्यांना. त्यांनी मला कॉफी करून दिली. माझी बायको आली की बघू, म्हणाले."

म्हणजे तातायना ऑगस्टपासून माहीत होतं. आता ऐक. पायात खिळा जुलैत घुसला होता. साखरेचा आजार असलेला माणूस, मी रोज विचारायचे. ऑगस्टभर ते म्हणत राहिले, "बरा होतोय गं," आणि घरात बूट घालून बसायला लागले. मी म्हटलंसुद्धा, "ताताय, घरात बूट? लग्नाला चाललात?" तर म्हणाले, "तुझ्या आईने पाठवलेत, वापरायला नकोत?" वास यायचा. मी समजत होते, बूट ओले राहिलेत.

ते पाय लपवत होते. मला दिसला असता तर मी तुला फोन केला असता, आणि तुझ्याकडे नाहीत हे त्यांना माहीत होतं. तुझ्यावर ते बोलायची वेळ येऊ नये म्हणून लपवला.

ताप चढल्यावर मी मोज्यासकट बूट कापून काढला. डॉक्टर म्हणाले, इलोइलोला न्या, पाय लगेच काढायला हवा. सोमवारी मी तुला फोन केला. मंगळवारी केला. बुधवारी केला तेव्हा फोनचा आवाज मोठा होता, तातायनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "चिडू नकोस तिच्यावर. ती नियमाची बाई आहे." खरं माहीत असून हे म्हणाले. जाईपर्यंत माझ्यापाशी खरं बोलले नाहीत.

सोमवारीच तू 'नाहीत' म्हणाली असतीस तर त्याच दुपारी मी शेत गहाण टाकलं असतं. शेवटी टाकलंच, गुरुवारी. शुक्रवारी पाय काढला. डॉक्टर म्हणाले, विष वर चढलंय, दोन-तीन दिवस आधी आणायला हवं होतं. पुढचे बारा दिवस कसे गेले ते तुला आत्याने सांगितलं असेल, मी सांगणार नाही.

तुझे पैसे बुडाले याचा मला राग नाही. माझ्या खिडकीवर रोज कोणीतरी तसा येतो. माझा राग त्या तीन दिवसांचा आहे. तू निष्ठुर आहेस असं समजून मी तुझं मन वळवत बसले. तिथे वळवण्यासारखं काही नव्हतंच.

तू स्वतः कधी सांगतेस ते मला बघायचं होतं. सोळा महिने लागले तुला.

शेत सोडवायचंय. खिडकीच्या पगारात ते माझ्या हयातीत होणार नाही. मिकाचा बाप मनिलातून काही पाठवत नाही, ते तुला माहीतच आहे. मी सही केली. २२ एप्रिलला विमान. तू सांगितलंस ते सगळं करारात बघितलं, अर्धं नीट आहे. आत्याला दम लागतो, मिका तिला झेपणार नाही. तुला यायचं असेल तर ये. तुला माफ केलंय म्हणून बोलावत नाही. मिकाजवळ कोणीतरी हवं म्हणून बोलावते.

लिझेल


हाँगकाँग, ११ मार्च २०१८

लिझेल,

येते.

मॅडमला महिन्याची नोटीस दिली. ती रागावली, मग रडली, मग मला कपाट पुसायला सांगितलं. शेवटचा पगार तिने आगाऊ दिला, वर थोडे घातलेत, त्यातून पासपोर्ट सुटेल आणि ते दीड हजार तिघींना परत दिले. बाकीचं माझ्याच्याने होणार नाही, तसं मी बेनिल्डाला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे." पैसे मोजून घेतले.

तुझं पत्र मी एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचवत नाही. ते बूट मीच पाठवले होते, तपकिरी, लेसवाले. दुकानदार म्हणाला होता, पावसातही पाय कोरडा राहील.

१५ एप्रिलला पोचते. बसस्टँडवर येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे.

नानाय


कुलासी, ५ नोव्हेंबर २०१८

इंदाय,

तू लहान असताना म्हणायचे तशी आज हाक मारते. एप्रिलच्या त्या आठवड्यात ओठांवर आली होती, पण धीर झाला नाही. ते सात दिवस आपण पाण्याच्या पंपाबद्दल आणि मिकाच्या खोकल्याच्या औषधाबद्दल बोलून काढले. बस सुटताना तू म्हणालीस, "तांदूळ वरच्या डब्यात आहेत." मी म्हटलं, "बरं." आणि बस गेली.

शुक्रवारी मृतांचा सण होता, सगळं गाव कबरींवर होतं. मी आणि मिकाने तातायची कबर घासली, चुना लावला, मेणबत्त्या लावल्या. आत्या खुर्ची घेऊन आली होती. ती तातायना म्हणाली, "नेस्टर, बायको आलीय बरं का तुझी, दोन वर्षं उशिरा, पण चुना छान लावते." मी तिथे संध्याकाळपर्यंत बसले.

मिका मला, आजीला, अजून लोला म्हणत नाही. 'हाँगकाँग' म्हणते. "हाँगकाँग, भूक लागली." "हाँगकाँग, माझी चप्पल." मी ओ देते.

आता कालच्या फोनबद्दल. तू म्हणालीस, "नानाय, या महिन्यात पैसे नाहीत." सरळ म्हणालीस. मी म्हटलं, "बरं, आमचं चाललंय." खरंच चाललंय. डुकराची दोन पिलं विकली, शेताच्या सावकाराला अर्धा हप्ता दिला, उरलेल्यासाठी मुदत मागितली, त्याने दिली. तांदूळ आहे, सुकी मासळी आहे. तुझ्या नावावर टाकलेल्या पैशांना मी हात लावलेला नाही.

पण त्यानंतर तुझ्यामागे कुठलंसं दार वाजलं आणि तुझा आवाज बदलला. एकदम हसून बोलायला लागलीस. "मी ठीक आहे, नानाय. इथे सगळं छान आहे. काळजी करू नकोस." आणि फोन बंद.

तो आवाज मला माहीत आहे. तो माझा आहे. हाँगकाँगला गेल्या-गेल्या, १९९९ साली, माझ्या पहिल्या घरात मी बाथरूमच्या फरशीवर झोपायचे. सगळ्यांचं जेवण झाल्यावर भांड्यात जे चिकटलेलं असेल ते खायचे. पहिले चार महिने पगार दिला नाही. आणि दर रविवारी मी तुझ्या तातायना फोनवर सांगायचे, मला छान खोली दिलीय, खिडकीतून समुद्र दिसतो. तू शाळेत त्या समुद्राचं चित्र काढलंस, मधोमध खिडकीत मी, आणि ते मला पाठवलंस. ते चित्र मी कुठे लावलं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. लावायला भिंतच नव्हती. नळाच्या पाइपाला बांधलं होतं.

आत्याच्या नणंदेची मर्सी तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, येत्या शुक्रवारी रियाधला परत चाललीय. हे पत्र तिच्या हाती देते आहे. तुझ्या बाईंच्या दारापर्यंत जायला मिळेल की नाही ते तिलाही ठाऊक नाही, पण प्रयत्न करीन म्हणाली. मागच्या बाजूला आपल्या वकिलातीचा पत्ता आणि तिथल्या आसऱ्याच्या घराचा नंबर लिहिलाय. तो पाठ कर आणि कागद फाडून टाक.

मी विचारते त्याचं उत्तर मर्सीकडे चिठ्ठीवर दे. पगार किती महिन्यांचा अडकलाय? पासपोर्ट कोणाजवळ आहे? दिवसातून किती वेळा जेवतेस? बाहेरचं दार कोण लावतं? कोणी तुझ्यावर हात टाकला का? हो असेल तर नुसतं हो लिही, पुढचं मी बघते. मी मनिलाला जाऊन एजन्सीच्या मोठ्या ऑफिसच्या पायरीवर बसेन, मला बसायची सवय आहे. शेत गेलं तर जाऊ दे. तुझ्या बदल्यात मला शेत नको.

तू मला 'नाहीत' सांगितलंस. आता बाकीचंही सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लपवू नकोस, माझ्यासाठी लपवणारा एक माणूस आपल्या घरातून गेला.

तुझी खोली कशी आहे, इंदाय? खरी कशी आहे?

नानाय